हान्याची वेणी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी, परभणीच्या बसस्थानकात ताडकळसच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या शिवकन्येच्या फोनवर पोलंडहून एक ईमेल आला. गाडी अजून सुटली नव्हती. ईमेल सहा ओळींचा होता आणि त्याला एक कागद जोडलेला होता. मुलांची इंग्रजी शिबिरं चालवणाऱ्या तिथल्या संस्थेनं लिहिलं होतं की, वर्षभराच्या शिक्षिकेच्या जागेसाठी आपली निवड झालेली आहे. मात्र आपली फाइल तपासताना गेल्या जुलैतल्या शिबिराची एक घटना-नोंद समोर आली आहे. आजच, आमच्या वेळेनुसार दुपारी दोनपर्यंत, खालच्या लिंकवर आपलं म्हणणं द्यावं. तोवर अंतिम पत्र थांबवलेलं आहे. तिकडचे दोन म्हणजे इकडचे साडेपाच, एवढा हिशेब शिवकन्येनं आधी केला. येत्या शनिवारी तिचं विमान होतं. परभणीतल्या शाळेतली सात वर्षांची नोकरी तिनं सोडली होती, तिच्या जागी नवी बाई रुजूही झाली होती, आणि भाड्याची खोली रिकामी करून ती आता दोन पिशव्या घेऊन चार दिवस आईकडे निघाली होती. मग तिनं जोडलेला कागद उघडला. वर तारीख, सोमवार. मुलीचं नाव हान्या, वय आठ. शिक्षिकेचं नाव पूर्ण आणि बिनचूक. खाली नोंद करणाऱ्या सहशिक्षिकेचं नाव: मागदा.

मागदानं लिहिलं होतं: ‘दुपारी तीन चाळीस. मुलं तलावावरून परत आली होती. शिक्षिका जेवणघराच्या पायरीवर बसली होती. मुलगी खालच्या पायरीवर, शिक्षिकेकडे पाठ करून. शिक्षिकेनं मुलीला आपल्या दोन्ही गुडघ्यांमध्ये धरलं होतं. मुलगी दोनदा “दुखतं” म्हणाली. शिक्षिकेनं सोडलं नाही. शिक्षिकेनं मुलीच्या डोक्याला निळ्या बाटलीतला तेलकट पदार्थ लावला. पालकांची परवानगी घेतलेली नव्हती. मुलगी हलली तेव्हा शिक्षिकेनं उघड्या हातानं तिच्या डोक्यावर एकदा मारलं. जोर कमी. मुलगी रडली नाही. हे सुमारे बारा मिनिटं चाललं.’ शिवकन्येनं हे तीन वेळा वाचलं. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना लाल पेन जसं चुकीच्या शब्दाच्या शोधात ओळीवरून सरकतं, तशी तिची नजर सरकत होती. एक तरी शब्द खोटा निघाला असता तर तिला धरायला काही सापडलं असतं. निघाला नाही. बारा मिनिटं ही बाराच असतील. मागदाच्या मनगटाला घड्याळ असायचं. ‘जोर कमी’ हेसुद्धा तिनं सोडलं नव्हतं. हेच शिवकन्येला सगळ्यात जास्त लागलं. वैरी माणूस असं लिहीत नाही. वैरी वाढवून लिहितो, त्यात त्याचा राग दिसतो, आणि राग दिसला की आपल्यालाही उभं राहायला जागा मिळते. इथं कुणाचा राग नव्हता. इथं नुसती एक बाई होती, जी जेवणघराच्या दारात उभी राहून हसत हसत हान्याची वेणी घातली जाताना बघत होती, ‘किती सुंदर’ म्हणाली होती, आणि त्याच संध्याकाळी सात वाजता, तशी वेळ कागदावर होती, हे सगळं लिहून मोकळी झाली होती. त्या सोमवारी सातनंतर काय झालं होतं तेही शिवकन्येला आठवलं. मागदा एका कागदी पुड्यात जांभळ्या रंगाची बारीक बोरासारखी फळं घेऊन तलावाच्या लाकडी धक्क्यावर आली होती, आणि दोघी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. रात्री नऊ वाजताही ऊन होतं. मागदानं आपल्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. म्हणजे आधी कागद, मग फळं.

गाडी हलली. शेजारी सगुणाबाई येऊन बसल्या, ताडकळसला त्यांचं घर शिवकन्येच्या घरामागेच होतं. त्यांनी आधी आपली पिशवी तिच्या पायांवर ठेवली, मग तिच्याकडे पाहिलं. “शिवे, तूच व्हय? म्या म्हनलं कोन बाई हाय. शनवारी जायलीस म्हनं इमानानं?” “हो, मावशी.” “वरीसभर?” “वरीसभर.” “अन् तिकडं लेकरायला काय शिकवायलीस, इंग्रजी? त्यायला येत न्हाई व्हय इंग्रजी? गोरी हायेत की ती!” “त्यांची भाषा येगळी हाय, मावशी.” सगुणाबाईंना हे पटलं नाही. गोरा माणूस आणि त्याला इंग्रजी येत नाही, म्हणजे मराठी माणसाला भाकर येत नाही असं म्हणण्यासारखं होतं. “मंग तुला बरं झालं,” त्या शेवटी म्हणाल्या, “त्यायचं त्यायला वापस द्यायलीस.” पुढच्या सीटवरचा माणूस हसला. शिवकन्याही हसली, आणि हसता हसताच तिनं तोंड खिडकीकडे केलं. बाहेर सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलं होतं.

तिथल्या पहिल्या चार दिवसांत ती उपाशी होती. हे तिनं इथं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं की तिकडे जेवायला देत नाहीत. देत होते. संध्याकाळी सहाला गार जेवण: ब्रेड, काकडी, चीज, उकडलेली अंडी. मागदा विचारायची, “अजून घेतेस?” शिवकन्या म्हणायची, “नको.” आणि मागदा भांडं पुढं सरकवून द्यायची. बस. संपलं. दुसऱ्यांदा विचारणं नाही, आग्रह नाही, ‘अगं घे की, लाजतेस कशाला’ नाही. पहिलं ‘नको’ हे विचारणाऱ्याच्या मानासाठी असतं, दुसरं स्वतःच्या मानासाठी, आणि तिसऱ्याला ताट पुढं करायचं असतं, हे त्या टेबलावर कुणालाच ठाऊक नव्हतं. पाचव्या दिवशी भुकेनं चक्कर आली तेव्हा तिनं मागदाला हे समजावून सांगितलं. मागदा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग गंभीर होऊन म्हणाली, “पण शिवा, तू नको म्हणालीस. मी तुझं ऐकलं नसतं तर तो तुझा अपमान झाला असता.” तिथली मुलंही तशीच. तासाच्या शेवटी मुलांनी हिरवं किंवा लाल कार्ड वर करायचं, तास आवडला की नाही ते सांगायला. पहिल्या तासाला चौदातली नऊ लाल. आणि तीच नऊ मुलं पुढच्या क्षणी तिचा हात धरून तिला झोपाळ्याकडे ओढत होती. परभणीत सातवीच्या मुलानं असं कार्ड दाखवलं असतं तर आईबाप माफी मागायला आले असते. त्या रात्री तिला झोप आली नव्हती. आठवड्यानं ती लाल कार्डं मोजायला शिकली, आणि पंधरवड्यानं ती कार्डं तिला आवडायलाही लागली. इथं कुणी मनात ठेवत नाही, असं तिनं शाळेतल्या अर्पिताला लांबलचक मेसेज करून कळवलं होतं. जे आहे ते तोंडावर. अर्पितानं लिहिलं होतं, ‘बरं आहे बाई, इथं तर स्टाफरूममध्ये पाठ फिरवायची सोय नाही.’ आता तो मेसेज आठवून तिचे कान तापले.

हान्या दुसऱ्याच दिवशीपासून रडत होती. तिची आई नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात कामाला होती, वर्षातून दोनदा घरी यायची. आजी शिबिराला सोडून गेली होती. हे कळलं तेव्हा शिवकन्येला त्या देशात पहिल्यांदाच काही तरी ओळखीचं भेटलं. तिचे स्वतःचे आईबाप दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, ते थेट उन्हाळ्यात परत. ती आत्याकडे राहायची. आत्या वाईट नव्हती, पण तिला स्वतःची चार होती. सहा महिने शिवकन्येचे केस दोरीसारखे व्हायचे. मग एक दिवस ट्रक चौकात थांबायचा, आई उतरायची, आणि घरात शिरल्यावर चूल पेटवायच्याही आधी पोरीला उंबऱ्यावर गुडघ्यांत धरून बसायची. तेल, फणी, उवा, गुंता. पोर ओरडायची. आई टपली मारायची, “गप बस की, हलायलीस कशाला.” ती टपली बसली की आई खरंच परत आली आहे अशी तिची खात्री पटायची, त्याआधी ट्रकमधून उतरलेली, काळवंडलेली, पाचटानं हात कापलेली बाई परकीच वाटायची. त्या सोमवारी हान्या तलावातून ओले, गुंतलेले, खांद्यावर चिकटलेले केस घेऊन तिच्यासमोरून गेली तेव्हा शिवकन्येनं काही ठरवलं नव्हतं. तिचे गुडघेच उघडले होते.

वाटेत पिंगळीजवळ नेटवर्क गेलं, मग आलं, आणि फोनवर त्या कागदाचं दुसरं पान उतरलं. दुसरं पान आहे हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिथं चारच ओळी होत्या. ‘उपाय: शुक्रवारपासून मुलीला दुसऱ्या गटात हलवलं. शिक्षिका व मुलगी एकट्या राहणार नाहीत याची काळजी घेतली जाईल. मुलीला तसं सांगितलं आहे. शिक्षिकेला कळवलं; शिक्षिकेला मान्य.’ आणि त्याखाली मागदाची सही, गोल आणि मोठी. शेजारी शिवकन्येची स्वतःची, देवनागरीतली, कारण तिथल्या मुलांना ती अक्षरं आवडायची म्हणून त्या महिन्यात ती सगळीकडे देवनागरीत सही करत होती. सगुणाबाई कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होत्या. शिवकन्या हं हं म्हणत होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार: तिन्ही दिवस हान्या तीन चाळीसला स्वतःचा कंगवा घेऊन पायरीवर येऊन बसली होती. काही न बोलता. पाठ करून. गुरुवारी तिनं मान हलवून आपणच म्हटलं होतं, “गप बस की,” तिच्या त्या जड जिभेनं, आणि दोघी हसत सुटल्या होत्या. शुक्रवारी ती आली नाही. शनिवारी जेवणघरात दुसऱ्या टेबलावरून तिनं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. उरलेले सहा दिवस शिवकन्येनं स्वतःला समजावलं होतं की लेकरं अशीच असतात, आज एकाच्या मागं, उद्या दुसऱ्याच्या. तू कोण लागून गेलीस. निरोपाच्या दिवशी बस सुटताना हान्यानं काचेवर हात ठेवला होता, पण हलवला नव्हता. वर्षभर तो न हललेला हात तिच्या मनात होता, आणि वर्षभर तिनं त्याचा दोष आठ वर्षांच्या पोरीला दिला होता.

ती सही तिनं कशी केली तेही आता तिला दिसायला लागलं. शुक्रवारी सकाळचा चहा. मागदा फाइल घेऊन आली, चेरीच्या केकचा तुकडा घेऊन आली, म्हणाली, “इथं सही हवी आहे, ऑफिसला.” आणि तिनं केली. उरलेल्या वाटेत तिनं हे चित्र असंच पाहिलं: केक, कागद, फसवणूक. एका हातात गोड आणि दुसऱ्या हातात सुरी. तिला ते इतकं स्वच्छ दिसत होतं की ताडकळसच्या चौकात उतरेपर्यंत तिचा रडवेला राग सुकून घट्ट झाला होता, आणि तसा राग घेऊन चालायला बरं असतं.

आई, गोजरबाई, ओसरीत बसून शेंगदाण्याची चटणी कुटत होती. समोर तीन डबे होते. “एक तुला, एक तुज्या सायबाला, अन् एक त्या मागदाला,” ती मान वर न करता म्हणाली. “तिखट खाती का न्हाई ती? कमी टाकलंय.” मागदाच्या घरातच शिवकन्या राहणार होती. परवाच मागदानं खोलीचा फोटो पाठवला होता: खिडकी, टेबल, पिवळी चादर. “माय, एक कागद आलाय.” “इजा आला व्हय?” “व्हिसा कवाच आला. माझ्यावर लिहून दिलंय एकीनं.” गोजरबाईचा हात थांबला. लिहून देणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. भांडण तोंडानं होतं, चार माणसांत मिटतं. लिहून दिलं म्हणजे ठाणं, तहसील, आणि पुन्हा एकमेकांच्या दारात न जाणं. “कुनी?” “मागदानं.” “जिची चटनी कुटायलेय तिनं?” “तिनंच.” “काय केलंस तू?” “एका लेकराची वेणी घातली. तेल लावून.” गोजरबाई पुढच्याची वाट बघत राहिली. “मंग?” “एक टपली मारली.” “मंग?” “एवढंच.” गोजरबाई हसायला लागली. “अगं मंग माज्यावर गाडाभर कागद व्हतील की! तुज्या आत्यावर दोन गाडे!” मग तिनं मुलीचं तोंड बघितलं. “लिहून टाक, असलं काय झालंच न्हाई म्हून. कोन यायलंय ताडकळसला इचारायला?” “माझी सही हाय त्याच्यावर.” “काय लिव्हलंय ते बघून सही केलीस?” “न्हाई.” “न वाचता?” गोजरबाईनं मुसळ खाली ठेवलं. “यम्मे झालीस ना गं तू? आमी अंगठेबहाद्दर, पर मुकादमाचा कागद दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतल्याबिगर कदी अंगठा दिला न्हाई.” “तो मुकादम होता, माय. ही मैतरीण होती.” “तेच म्हनायलेय,” गोजरबाई म्हणाली.

चार वाजून पाच मिनिटांनी तिनं मागदाला फोन लावला. तिकडे दुपारचे पावणेएक व्हायचे होते. मागदानं लगेच उचलला. “शिवा! चादर आवडली?” “तू माझ्याबद्दल लिहिलंस.” “कधी?” “हान्याचं.” “हो,” मागदा म्हणाली. आवाजात काही बदललं नाही. “ते गेल्या वर्षी. तू सही केलीस.” “तू आधी माझ्याशी बोलली असतीस तर?” “आलेच ना कागद घेऊन. तुझ्याकडेच आले. तुझ्या पाठीमागे थोडंच पाठवलं? मी तुला म्हटलं, वाच.” शिवकन्येनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “दोनदा म्हटलं,” मागदा म्हणाली. “हान्याला काय सांगितलंत?” “की केस आता स्वतः विंचरायचे. मोठ्या माणसांच्या मांडीत बसायचं नाही. का?” “ती रोज येत होती, मागदा. स्वतः. कंगवा घेऊन.” “माहीत आहे. मी पाहिलं.” मग मागदानं अगदी खऱ्या कुतूहलानं विचारलं, “तेही लिहायला हवं होतं का?” शिवकन्या ओसरीतून मागच्या दाराकडे चालत गेली. “मग तू लिही ना,” मागदा म्हणाली. “फॉर्म त्याच्यासाठीच असतो. जसं झालं तसं लिही. आणि रविवारी मी विमानतळावर येते, तू टॅक्सी करू नकोस.”

फोन ठेवल्यावर ती मागच्या दारात उभी राहिली. केकचं चित्र पुन्हा आलं, पण आता त्यात आवाज होता. मागदानं पेन पुढं केलं नव्हतं. मागं धरलं होतं. म्हणाली होती, “आधी वाच.” शिवकन्या म्हणाली होती, “तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय?” “नाही, वाच. तुझ्याबद्दल आहे.” आणि शिवकन्येनं हसून तिच्या हातातून पेन ओढून घेतलं होतं. मैत्रिणीनं आणलेला कागद तिच्यासमोर वाचायचा म्हणजे तिच्यावर संशय घेतल्यासारखं. ती भीड तिला कुणी शिकवली नव्हती, ती पाण्यातूनच आली असावी. सही करताना तिला छान वाटलं होतं. आपण हिला काही तरी देतो आहोत, असं वाटलं होतं. आणि मागदानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं होतं, वर्गातलं पोर एखादा शब्द न कळूनही विचारत नाही तेव्हा पाहतं तसं. आपण तीनदा विचारण्याची वाट बघणारी माणसं, आणि समोर एकदाच विचारणारं माणूस, एवढंच झालं होतं का? ते तसं म्हणता आलं असतं. पण मग वर्षभर दुखणारा काचेवरचा तो हात कुठं ठेवायचा? तिच्याशी कुणी खोटं बोललं नव्हतं. तिला कुणी फसवलं नव्हतं. आणि तरी दारात उभं राहून ‘किती सुंदर’ म्हणणाऱ्या बाईनं त्याच डोळ्यांनी बारा मिनिटं मोजली होती, हे काही केल्या तिच्या मनातून खाली उतरत नव्हतं. राग मात्र पातळ झाला होता, त्याला धरून उभं राहता येत नव्हतं.

पाच वाजून दोन मिनिटांनी तिनं लिंक उघडली. पहिला प्रश्न: नोंदीतलं वर्णन बरोबर आहे का? हो, नाही. आईनं ओसरीतून विचारलं, “न्हाई म्हून टाकलंस ना?” शिवकन्येनं ‘हो’ दाबलं. खाली आपलं म्हणणं लिहायला पाच ओळींची जागा होती. तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी मागदासारखं लिहिलं. ‘मंगळवार, बुधवार, गुरुवार. दुपारी तीन चाळीस. मुलगी स्वतःचा कंगवा घेऊन आली. खालच्या पायरीवर पाठ करून बसली. शिक्षिकेनं बोलावलं नव्हतं. गुरुवारी मुलगी हसली.’ एवढं लिहून तिनं पुढचं पान उघडलं. तिथं एकच प्रश्न होता आणि त्याला म्हणणं लिहायला जागा नव्हती. ‘अशी परिस्थिती पुन्हा आली, तर आपण हीच कृती कराल का? हो, नाही.’ तिनं बोट ‘नाही’वर नेलं. सोपं होतं. शनिवारचं विमान, वर्षाची नोकरी, पिवळी चादर, सगळं त्या एका बोटाखाली होतं, आणि शिवाय ते खरंही असेल, कारण आता ती खरंच पुन्हा तसं करणार नव्हती. पोरगी ओले केस घेऊन समोरून गेली तर ती आपले हात मागं बांधून उभी राहील. मग ते लिहायला काय हरकत होती? पण कंगवा घेऊन पायरीवर बसलेल्या हान्यालाही तेच ‘नाही’ गेलं असतं. बोट तिथंच राहिलं. ओसरीत गोजरबाई तिसऱ्या डब्याचं झाकण लावू की नको म्हणून विचारत होती.

पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी, मुदत संपायला दोन मिनिटं असताना, पहिल्या प्रश्नापुढे ‘हो’ होतं. दुसऱ्या प्रश्नापुढची दोन्ही वर्तुळं रिकामी होती.